सासूबाई अंतिम

मी फक्त एका उदाहरणातलं नाव बदललं. याहून जास्त मी काहीही केलेलं नाही, आणि हे मी बायकोच्या, सासूबाईंच्या आणि प्राचार्यांच्या तोंडावर सांगायला तयार आहे (तिघं एकाच वेळी समोर नसतील तर).

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. हे ऐकलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला मला, "म्हणजे नक्की काय?" आणि दुसरा माझ्या बायकोला, "मग घरात वाद कोण जिंकतं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर फार लांब आहे. दुसऱ्याचं उत्तर द्यायच्या भानगडीत ती पडत नाही, नुसती हसते.

ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. नवशिक्यांच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो त्यावर पाय ठेवायचा, आणि जीव मुठीत धरून गावभर फिरायचं, हा तिचा व्यवसाय. घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही. मी बोलायला लागलो की थोड्या वेळाने तिचा पाय फरशीवर दाबला जातो. मी पाहून न पाहिल्यासारखं करतो.

तर झालं असं, की प्राचार्यांनी सभेत जाहीर केलं, "ज्या विषयाला विद्यार्थी नाहीत, तो विषय पुढल्या वर्षी बंद." सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. माझ्या वर्गात तेव्हा इतके थोडे विद्यार्थी होते की हजेरी घ्यायची मला लाज वाटायची. त्यातल्याही एकाला खरं तर भूगर्भशास्त्र हवं होतं, प्रवेशाच्या वेळी त्याची रांग चुकली होती.

सभा संपल्यावर प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. माणूस मनाने चांगला. म्हणाले, "एक संधी देतो. तर्कशास्त्राचा ऑनलाइन कोर्स काढा. कुठल्याही शाखेच्या मुलांना घरबसल्या करता येईल असा. नावं नोंदवणाऱ्यांतल्या निम्म्यांनी जरी तो पुरा केला, तर विषय राहिला म्हणून समजा."

"आणि नाही केला तर?"

"तर परीक्षा विभागात एक जागा आहे. उत्तरपत्रिकांवर स्टिकर चिकटवायचे असतात. शांत काम आहे."

मला शांत काम नको होतं. खरं सांगतो, मला माझा विषय मनापासून आवडतो. एक गोष्ट मान्य केली की दुसरी आपोआप मान्य करावी लागते, यात मला अजूनही लहान मुलासारखी गंमत वाटते. ती गंमत कुणाला दाखवता येत नाही, एवढंच माझं दुःख.

कोर्सला नावं भरपूर आली (फुकट होता). मी कॉलेजच्या स्टुडिओत उभं राहून पहिलं व्याख्यान रेकॉर्ड केलं. चांगलं सव्वा तासाचं. तर्कशास्त्राची व्याख्या, व्याप्ती, उगम, विकास आणि महत्त्व. आयुष्यात पहिल्यांदा एकही मुद्दा न गाळता बोललो, कारण मध्ये जांभई द्यायला समोर कुणी नव्हतं.

आठवड्याने आम्हा नवख्यांना धडे द्यायला एक प्रशिक्षिका आल्या. ऑनलाइन कोर्स कसा आखावा हाच त्यांचा विषय, त्यामुळे कॉलेजात सगळे त्यांना कोर्सबाई म्हणत. त्यांनी माझ्यासमोर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर एक रेषा होती. ती वरून निघाली होती आणि लगेच जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली आली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचं व्याख्यान कोण कुठपर्यंत पाहतं, ते. इथे, व्याप्तीपाशी, बहुतेक सगळे गेले."

"कुठे?"

"ते नाही कळत, सर."

मी रेषेच्या टोकाकडे बोट केलं. "पण हे बघा, एक जण शेवटपर्यंत आहे. एक जरी विद्यार्थी असा मिळाला तरी..."

"ते तुम्हीच आहात," कोर्सबाई हळूच म्हणाल्या. "नीट दिसतंय का ते तपासायला तुम्ही पाहिलं होतंत."

मग त्यांनी मला चहा पाजला आणि धीर दिला. "सर, एका भागात एकच मुद्दा. पाच-सहा मिनिटांत संपवा. मग मुलांना एखादा प्रश्न टाका, म्हणजे ती चर्चाफलकावर लिहितील. उदाहरणं रोजच्या जगण्यातली घ्या. आणि कॅमेऱ्याला व्याख्यान देऊ नका हो. घरातलं कुणीतरी समोर बसलंय असं समजून बोला."

"घरातलं कुणीही चालेल?"

"कुणीही," त्या म्हणाल्या. पुढचं सगळं या एका शब्दामुळे झालं, पण त्यांना आजही ते पटत नाही.

स्टुडिओ सोडून मी घरी रेकॉर्ड करायचं ठरवलं. घरी आवाज घुमत होता. कोर्सबाईंनीच सांगितलेला उपाय असा, की कपड्यांनी भरलेलं कपाट उघडायचं, कॅमेरा आत ठेवायचा आणि कपाटाकडे तोंड करून बोलायचं. कपडे आवाज पिऊन टाकतात. आमच्या बेडरूममधलं कपाट याला अगदी योग्य होतं. बायकोच्या कपड्यांमध्ये सुईलाही जागा नव्हती. माझे दोन शर्ट काढून तिथे मी कॅमेरा बसवला.

त्याच सुमारास सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं महिन्याभराने होतं. तोवर काळा चष्मा, वेळच्या वेळी थेंब, आणि वाचायचं नाही, टीव्ही पाहायचा नाही असा डॉक्टरांचा हुकूम. त्यामुळे दिवसभर त्यांना ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. सासूबाई निवृत्त विमा एजंट आहेत. उभा जन्म त्यांनी लोकांच्या घरी जाऊन, त्यांचा चहा पिऊन, तुम्ही एक दिवस जाणार आहात हे त्यांना गोड शब्दांत पटवण्यात घालवला.

त्या दुपारी बायको कामावर होती. सासूबाई पलीकडच्या खोलीत पडल्या होत्या. मी कपाटासमोर उभा राहिलो. पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं उदाहरण एका जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाचं आहे. सर्व माणसे मर्त्य आहेत, तो माणूस आहे, म्हणून तो मर्त्य आहे. पण ग्रीक माणूस रोजच्या जगण्यातला कसा म्हणायचा? घरातलं कुणीही, असं कोर्सबाई म्हणाल्या होत्या. आणि नेमक्या त्याच वेळी भिंतीपलीकडून सासूबाई खोकल्या.

"सर्व माणसे मर्त्य आहेत," मी कपाटाला म्हणालो. थोडं थांबलो (थांबत बोला, असंही बाईंनी सांगितलं होतं). "सासूबाई माणूस आहेत." पुन्हा थांबलो. "म्हणून..."

"म्हणून काय?"

मी गर्रकन वळलो. भिंत चाचपत सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. काळ्या चष्म्यातून त्या माझ्या किंचित डावीकडे पाहत होत्या.

"आई, तुम्ही झोपला नव्हतात?"

"कुणाशी बोलताय?"

"कपाटाशी," मी म्हणालो. खरं बोलायची मला वाईट खोड आहे.

"कपाटाला सांगताय, मी मरणार म्हणून?"

"तसं नव्हे आई. हे फक्त उदाहरण आहे."

"माझं उदाहरण! अहो जावईबापू, एक डोळा झालाय, दुसरा व्हायचाय, आणि तुम्ही मला आत्ताच उदाहरणात घालून मोकळे?"

"आई, ही नुसती रचना आहे. सर्व माणसं मर्त्य आहेत, हे तर तुम्हीही..."

"तुम्ही सगळी पाहिलीत?"

"सगळी म्हणजे..."

"सगळी म्हणजे सगळी. गेली ती गेली, कबूल. मी विम्यात जन्म काढलाय, मला नका शिकवू. पण जी अजून आहेत ती जाणारच, हे कशावरून? मी गेले का?"

"नाही."

"मग 'सर्व' म्हणताना मला आत कसं धरलंत? म्हणजे आधी मला मारून घेतलंत, आणि मग मी मरणार हे सिद्ध केलंत. ही कुठली रीत?"

हा आक्षेप साधासुधा नाही. तर्कशास्त्रातल्या मोठमोठ्या लोकांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत, आणि तो शिकवायची वेळ वर्गात माझ्यावर कधी येत नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत वर्ग संपलेला असतो. आणि इथे माझी सासू हाच आक्षेप, चौकटीला धरून उभी राहून, रागाच्या भरात घेत होती.

"आणि समजा मरणार," त्या पुढे म्हणाल्या, "तर कधी?"

"वेळ तर्कशास्त्रात येत नाही, आई."

"मग ते काय कामाचं? आमच्याकडे सगळा हप्ताच त्यावर ठरतो."

आता मात्र मला चेव आला. मी कॅमेरा विसरलो, कपाट विसरलो, आणि हातवारे करून त्यांना समजावू लागलो. "आई, ती वाक्यं खरी आहेत असं मी म्हणतच नाही. मी एवढंच म्हणतो, की पहिली दोन वाक्यं तुम्ही कबूल केलीत, तर तिसरं टाळता येत नाही. कबूल करायची की नाही, हा तुमचा प्रश्न. पहिलं वाक्यच खोटं असेल, तर निष्कर्षाची जबाबदारी माझी नाही. मी फक्त जोड पक्का आहे की नाही, तेवढं बघतो."

सासूबाईंनी धरलेली चौकट सोडली. "मग आधीच तसं सांगायचं," त्या म्हणाल्या. "आमच्या कागदावरही खाली बारीक अक्षरात असतं ते, अटी लागू म्हणून."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर ही गोष्ट समजून घेतली होती. मी त्यांना थेंब घालायला पुढे झालो. त्यांनी हात आडवा धरला.

"ते सगळं कळलं. पण जगात एवढी माणसं असताना नाव माझंच का सुचलं?"

मी थेंबांची बाटली बंद केली. "येऊ दे लेकीला," असं म्हणून त्या भिंत चाचपत परत गेल्या.

लेक आली. बंद दारामागे दोघींचं बराच वेळ बोलणं झालं. मी तेवढ्यात शहाण्यासारखं सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं. या वेळी उदाहरणात शेजाऱ्यांना घातलं (ते त्या वेळी गावाला गेले होते). चांगलं सात मिनिटांचं, स्वच्छ, कुणी मध्ये न बोललेलं. पहिली फाइल पुसावी म्हणून मी लॅपटॉप उघडला, तेवढ्यात बायको मागे येऊन उभी राहिली.

"आईला काय बोललात?"

"काही नाही गं. त्या माणूस आहेत, एवढंच म्हणालो."

"आणि हे काय आहे?" तिने पडद्यावर बोट ठेवलं.

मला फाइलींना नावं द्यायची नीट सवय नाही. कच्च्या रेकॉर्डिंगला मी विषयाचं नाव देतो आणि पक्क्यापुढे 'अंतिम' लिहितो. पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसत होतं, 'सासूबाई' आणि खाली 'सासूबाई अंतिम'.

तिचा पाय फरशीवर दाबला गेला, आणि या वेळी मला खरोखर गाडी थांबल्यासारखं वाटलं.

"बदलतो, बदलतो," म्हणत मी तिच्यादेखत भराभर हात चालवला. एकीला 'शेजारी' केलं, दुसरी तिथल्या तिथे पुसून टाकली. त्या घाईत याची टोपी त्याला गेली. शेजाऱ्यांचा स्वच्छ भाग मी पुसला होता, आणि 'शेजारी' या नावाखाली, "म्हणून काय?" पासून "अटी लागू" पर्यंत, सासूबाई होत्या. तो भाग मी डोळे मिटून कोर्सवर चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चाफलक उघडला. तोपर्यंत त्यावर एकच प्रश्न आलेला होता, "सर, याची हजेरी लागते का?" आज पानंच्या पानं भरली होती. 'आजी बरोबर बोलतायत.' 'सरांनी सगळी माणसं पाहिली नाहीत, हे त्यांनी कबूल करावं.' 'पण दोन वाक्यं मान्य केली तर तिसरं टळत नाही, हेही खरं आहे ना?' 'मग पहिलंच मान्य करू नका!' मी व्हिडिओ लावून पाहिला, तर शेजाऱ्यांच्या जागी सासूबाई!

तेवढ्यात कोर्सबाईंचा फोन. मी आधीच माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती.

"सर, हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"मी... म्हणजे..."

"विद्यार्थ्याच्या मनातली शंका दुसऱ्याच्या तोंडून, भांडणाच्या स्वरात! रेषा पाहिलीत का? खाली आलीच नाही. काही जणांनी तर दोनदा पाहिलंय. किती विचार केलात हो तुम्ही!"

"बराच केला," मी म्हणालो.

"आता प्रत्येक भागात त्या हव्यातच. पुढचा भाग कधी देताय?"

पुढचा भाग! ज्या बाई काल दुपारपासून माझ्या हातचे थेंबसुद्धा घेत नव्हत्या, त्यांना आता मी शिकवायला बोलवायचं होतं. पण एकीकडे सासूबाईंचा राग आणि दुसरीकडे स्टिकर. मी मनाचा हिय्या केला, आणि चहाच्या वेळी मायलेकींसमोर सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सगळ्या जगाला कळलं मी मरणार ते?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई. सगळे तुमच्या बाजूने आहेत."

"कोण सगळे?"

त्यांना वाचायची मनाई, म्हणून मी एकेक मजकूर मोठ्याने वाचून दाखवू लागलो. सुरुवातीला त्या चष्म्याआड ताठ बसून होत्या. हळूहळू कप खाली ठेवला. "हे पुन्हा वाचा," म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं, 'आजींचा मुद्दा सरांना खोडता आलेला नाही.'

"मुलगा हुशार आहे."

"मुलगी आहे."

"तरीच."

बायकोने तोंड फिरवलं. ती हसत होती, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. मी धीर करून विचारलं, "मग आई, पुढच्या भागाला याल?"

"येईन. पण माझं मरण नको. मारायचंच असेल तर स्वतःला मारा."

"कबूल. सर्व माणसे मर्त्य आहेत, जावई माणूस आहेत..."

"हे दुसरं वाक्य मात्र आधी सिद्ध करून घे हं, आई," बायको म्हणाली.

आणि अशा रीतीने आमची शाळा सुरू झाली. मी कपाटासमोर, शेजारी स्टुलावर काळा चष्मा लावून सासूबाई, आणि सुट्टी असेल त्या दिवशी पलंगाच्या कडेला बायको. ती बोलायची नाही, असं ठरलं होतं. फक्त मी वाहवत जायला लागलो की फरशीवर पाय दाबायची, आणि मी थांबायचो. सहा मिनिटांची मर्यादा मला घड्याळाने कधी पाळता आली नसती. त्या पायाने पाळता आली.

एकदा मी 'काही' हा शब्द शिकवत होतो. "समजा, काही जावई शहाणे असतात," मी म्हणालो.

"म्हणजे काही नसतात," सासूबाई म्हणाल्या.

"इथेच चूक होते, आई. बोलताना आपण तसं समजतो. पण तर्कशास्त्रात 'काही' म्हणजे किमान एक. बाकीच्यांबद्दल आपण काहीच म्हटलेलं नाही. कदाचित सगळेही शहाणे असतील."

"किमान एक?"

"किमान एक."

"तो कोण, एवढं सांगा फक्त," पलंगावरून आवाज आला. न बोलायचं ठरलेलं असूनही.

तो भाग सगळ्यांत गाजला. त्या आठवड्यात मुलांनी 'काही' शब्दाची इतकी उदाहरणं पाठवली की उत्तरं देता देता माझी बोटं दुखली. काही भाऊ उपयोगी असतात. काही प्राध्यापक वेळेवर सोडतात. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, कुठे चुकलं ते दाखवलं, आणि पुन्हा विचार करायला लावलं. ज्या मुलांचे चेहरे मी कधी पाहिले नव्हते, त्यांची डोकी मला ओळखू यायला लागली. संध्याकाळी मी उत्तरं वाचायचो, सासूबाई निकाल द्यायच्या, आणि बायको आमच्या दोघांच्या मध्ये बसून मटार सोलायची. फार बरे दिवस होते ते.

शेवटच्या भागाच्या आठवड्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. त्यांना दोन-चार दिवस पडून राहायला सांगितलं होतं. मी म्हटलं, एकच भाग तर उरलाय, आपण एकटे उरकू. बायकोही गाडी शिकवायला गेलेली. उरकला. सव्वीस मिनिटं झाली, पण पाय दाबायला कुणी नव्हतं.

चर्चाफलकावर दुसऱ्या दिवशी एकच विषय. 'आजी कुठे आहेत?' मी लिहिलं, 'आजी विश्रांती घेत आहेत.' हे वाक्य किती मोघम आहे, ते तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला कळायला हवं होतं.

'विश्रांती म्हणजे?' 'सर, स्पष्ट सांगा.' 'पहिल्या भागातला निष्कर्ष खरा ठरला की काय?' मग एकाने लिहिलं, की आजी बऱ्या आहेत हे कळल्याशिवाय तो शेवटची चाचणी देणार नाही. त्याखाली 'मीही', 'मीही' अशी रांग लागली. चाचणी दिल्याशिवाय कोर्स पुरा होत नव्हता. प्राचार्यांची मुदत संपत आली होती आणि निम्मे तर सोडाच, पाव विद्यार्थीही पुरे होत नव्हते.

मी लिहिलं, 'आजी ठणठणीत आहेत.' उत्तर आलं, 'सर, हे तुमचं विधान आहे. आधार काय?'

मीच शिकवलं होतं ना! मी डोकं धरून बसलो. त्या दिवशी मला उत्तरपत्रिकांवरचे स्टिकर अगदी समोर दिसत होते, आणि सगळ्यांत वाईट वाटलं ते याचं, की विद्यार्थी बरोबर होते.

बायको घरी आली. माझं तोंड पाहून तिने कारण विचारलं, मी सांगितलं. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "काय म्हणतायत मुलं?"

"काही नाही आई, तुम्ही पडून राहा," मी म्हणालो.

"काही म्हणजे किमान एक ना?" त्या म्हणाल्या. "मला कपाटाशी न्या."

"आई, डॉक्टरांनी..." बायको म्हणाली.

"डॉक्टरांनी डोळा मिटून ठेवायला सांगितलाय. तोंड नाही."

आम्ही दोघांनी त्यांना धरून आणलं, स्टुलावर बसवलं. डोळ्यावर पट्टी, केस विस्कटलेले. मी कॅमेरा सुरू केला. त्यांनी कपाटाकडे तोंड केलं आणि ठामपणे बोलायला सुरुवात केली.

"मी आहे. सर म्हणतात, मी मरणार. असेल. पण अजून तसा काही पुरावा आलेला नाही. आला तरी मी तुम्हाला सांगायला येणार नाही, तेव्हा माझी वाट पाहत बसू नका. शेवटचा भाग मी ऐकलाय. लांबला आहे, पण खोटा नाही. सगळ्यांनी चाचणी द्या. आणि लिहिताना 'कारण' हा शब्द आला, की त्यापुढे खरंच कारण आहे ना, तेवढं बघा."

मी सहज मागे पाहिलं. बायको पदराने, म्हणजे ओढणीने, डोळे टिपत होती. माझीही तीच गत होती, पण माझ्याकडे ओढणी नव्हती. कपाटातल्या एका ड्रेसच्या बाहीने काम भागवलं (ते रेकॉर्ड झालं आहे).

दोन दिवसांत चाचण्यांचा पाऊस पडला. निम्मे काय, त्याहून कितीतरी जास्त मुलांनी कोर्स पुरा केला. त्यात रांग चुकलेला तो भूगर्भशास्त्रवालाही होता. त्याने लिहिलं होतं, आता रांग चुकली याचं वाईट वाटत नाही.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. चहा मागवला. "विषय राहिला," म्हणाले. "पुढच्या सहामाहीत हाच कोर्स पुन्हा घ्यायचा. मुलांचे अभिप्रायही उत्तम आहेत. बहुतेकांनी एकच गोष्ट लिहिली आहे. वाचू का?"

"वाचा की," मी खुर्चीत सावरून बसलो.

प्राचार्यांनी घसा साफ केला. "'शिकवणाऱ्या बाई अप्रतिम आहेत. फक्त मध्ये मध्ये एक गृहस्थ बोलतात, त्यांना जरा आवरता आलं तर पाहावं.'"

ते कागद खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागले. मी उरलेला चहा एका घोटात संपवला.

घरी येऊन मी ही बातमी सांगितली. बायको आधी पोट धरधरून हसली, मग विषय राहिला म्हणून तिने माझा हात दाबला, आणि पुन्हा हसली. सासूबाई नव्या चष्म्यातून, पहिल्यांदाच अगदी सरळ, माझ्याकडे पाहत होत्या.

"कळवा त्यांना," त्या म्हणाल्या, "गृहस्थांना काढू नका म्हणावं. चुकीचं बोलायला कुणीतरी लागतंच ना."